वेत्रेनच्या तोफेचं झाकण

१

शनिवारी सकाळी तोफेचं झाकण गायब झालं आणि गावाने पहिला संशय माझ्या नवऱ्यावर घेतला.

त्यात गावाचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. माझा नवरा नेस्तोर हा द्रेनोवाच्या चर्चचा पाद्री. लढाईत गेलेल्यांचं स्मारक म्हणून सैन्याने आमच्या चर्चच्या अंगणात एक जुनी तोफ आणून उभी केली, तेव्हापासून त्याची कुरकुर चालू होती. "आज अंगणात तोफ, उद्या वेदीवर बंदूक," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. रविवारी स्मारकाचं उद्घाटन, राजधानीची माणसं येणार, आणि आदल्या सकाळी पाहावं तर तोफेच्या मागे नुसतं गोल भोक. नळीतून आरपार पलीकडचं आलुबुखाराचं झाड दिसत होतं.

"मी नाही काढलं," नेस्तोर घरात शिरताशिरताच म्हणाला. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

"तुमच्याने मुरांब्याच्या बरणीचं झाकण निघत नाही," मी म्हटलं. "बसा, चहा घ्या."

तोफेचं झाकण म्हणजे काय ते सांगायला हवं. नळीच्या मागच्या तोंडातून गोळा आत सारतात आणि ते तोंड जाड पोलादी झाकणाने बंद करतात. झाकणाला स्क्रूसारखे आटे असतात. ते दारासारखं बिजागरीवर उघडतं आणि बिजागरीत एक लांब खीळ असते. झाकण नसेल तर तोफ म्हणजे नुसता पाइप. म्हणून पळताना तोफ मागे टाकायची वेळ आली, तर तोफखान्याची माणसं निदान झाकण तरी काढून नेतात, नाहीतर शत्रू तीच तोफ उलटी फिरवतो.

तो दिवस आमचा पितरांचा शनिवार होता, तेव्हा चोरी असो की काही असो, प्रार्थना थांबवता येईना. बायका शिजवलेल्या गव्हाची ताटं घेऊन आल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे मेणबत्त्यांपाशी उभी होते. आमच्याकडे मेणबत्त्यांच्या पेटीला दोन कप्पे असतात. जिवंत माणसासाठी वरच्या कप्प्यात लावायची, गेलेल्यासाठी खालच्या वाळूत. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

म्हातारी स्तामेना दाराशीच बाकावर बसली होती. तिचे गुडघे गेलेत. तिने घंटा वाजवणाऱ्या रादिसावच्या हातात एक मेणबत्ती दिली. "माझ्या मिलुनसाठी लाव रे बाळा," म्हणाली. रादिसाव आला आणि त्याने ती खालच्या वाळूत रोवली.

"अरे, झोपेत आहेस का?" मी हळूच म्हटलं. "मिलुनची ना? वर लाव. त्याच्या आईने पाहिलं तर छाती फुटेल तिची."

तो गोरामोरा झाला, मेणबत्ती उपटून वर लावली आणि घाईने निघून गेला. रात्रीची झोप झाली नसेल असं मला वाटलं.

प्रार्थना संपल्यावर बाहेर आले तर तोफेपाशी कॅप्टन वुकाशिन उभे होते. हे तोफखान्याचे, एका पायाने लंगडे, उद्घाटनासाठी शुक्रवारीच आमच्याकडे उतरलेले. त्यांच्या तळहातावर एक लांब लोखंडी खीळ होती.

"वहिनी," ते म्हणाले, "चोराने झाकण नेलं आणि बिजागरीची खीळ मात्र इथे नीट ठेवून गेला. आणि गंमत म्हणजे, ही खीळ या तोफेची नाहीच."

२

चोरी का झाली ते समजायचं तर शुक्रवारचं जेवण सांगायला हवं.

आमच्या टेबलाशी कॅप्टन, नेस्तोर, तानासिये लोहार आणि रादिसाव होते. स्तामेना चुलीपाशी दुसऱ्या दिवशीचे गहू निवडत बसली होती. राकिया दारूचे दोन पेले झाल्यावर कॅप्टन तोफेबद्दल बोलायला लागले. लोक सुनेबद्दल बोलतात तसं कौतुकाने बोलत होते.

"फ्रान्सहून आली तेव्हा आम्ही पोरं तिच्याभोवती गोळा झालो होतो. जुन्या तोफा प्रत्येक गोळ्याला उडी मारून मागे जायच्या, परत ढकलून जागेवर आणा, परत नेम धरा. हिची नळी एकटीच मागे सरायची आणि तेलाच्या नळकांड्यावरून आपोआप पुढे यायची. गाडा जागचा हलायचा नाही. नेम धरणारा डावीकडच्या आसनावर बसून राहायचा, मांडीवरचा पाव खाली पडायचा नाही. कुमानोवोच्या लढाईत तुर्कांपुढे हीच. त्सेरच्या डोंगरात हीच. कोलुबाराच्या चिखलातही हीच."

"आणि मग वेत्रेनच्या टेकडीवर," तानासिये म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

चुलीपाशी गहू निवडणारे हात थांबले.

वेत्रेनची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. एकोणीसशे पंधराच्या शरदात आमचं सैन्य मोरावा नदी ओलांडून अल्बानियाकडे मागे हटत होतं आणि पूल मोकळा होईपर्यंत ही एकच तोफ टेकडीवर थांबली होती. ती शत्रूच्या हाती पडली आणि युद्ध संपताना परत मिळाली. तोफेचा मुख्य होता सार्जंट मिलुन, स्तामेनाचा एकुलता एक. तिथून जिवंत परतला एकटा रादिसाव. त्याने सांगितलं की मिलुन झाकण काढून घेऊन पळाला. 'मी अल्बानियाच्या बर्फात मरायला येणार नाही' म्हणाला आणि रानात शिरला. तेव्हापासून मिलुन गावाच्या लेखी पळपुटा. पुढे रादिसावनेच बातमी आणली की कोण्या शिपायाने त्याला अमेरिकेत खाणीवर पाहिलं. स्तामेना त्या बातमीवर जगते. पण पितरांच्या शनिवारी सगळ्या बायका एकमेकींच्या ताटातले गहू चमचाभर घेतात, आणि तिच्या ताटातले कोणी घेत नाही. तिच्या ताटात चमचा घालणारे दोघेच, मी आणि रादिसाव. मी कोणाकोणाला डोळे वटारणार?

"कॅप्टनसाहेब," स्तामेना पाठमोरीच म्हणाली, "स्मारकाच्या दगडावर माझ्या पोराचं नाव का नाही?"

"मावशी, दगडावर पडलेल्यांची नावं असतात."

"मग तो जिवंत आहे हे तर खरं ना? तेवढं तरी चांगलं बोला त्याच्याबद्दल."

कॅप्टनना ते लागलं असावं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "एक करता येईल. या तोफेच्या सगळ्या भागांवर कारखान्याने एकच आकडा ठोकलेला असतो. नळीवर, झाकणावर, खिळीवरसुद्धा. उद्या गंज घासून झाकणावरचा आकडा बघतो. मिलुनने झाकण नेलं असेल, तर आत्ता आहे ते शत्रूने मागून बसवलेलं, परक्या आकड्याचं असेल. आकडा तोच निघाला, तर झाकण कधी हललंच नव्हतं."

 मी कोबीची भाजी वाढली. आणि सकाळी झाकण गेलं.

३

"म्हणजे चोर कालच्या टेबलावरचा," कॅप्टन मला म्हणाले. "यजमानीणबाईही त्यात आल्या."

"माझ्याने तोफेचं झाकण उचलवेल?"

"भरल्या अंगाच्या मेंढीएवढं वजन. तुमच्याने उचलवेलही, पण खीळ काढता येणार नाही. हे कामाची सवय असलेल्याचं काम. एक ओरखडा नाही. नेम धरायच्या यंत्राची पितळी बैठक जागेवर आहे, तेव्हा धातूचा लोभ नाही. आणि खीळ कुठे सापडली सांगू? डाव्या आसनावर. आम्हाला तशीच शिकवण असते. खीळ काढली की आसनावर ठेवायची, म्हणजे चिखलात हरवत नाही."

तोफेची सवय असलेले गावात दोनच. रादिसाव त्याच तोफेवर होता, आणि तानासिये लढाईभर तोफखान्याच्या दुरुस्तीच्या गाड्यावर होता. कॅप्टन आधी लोहाराकडे निघाले. मीही गेले. पाद्रीणबाईला कोण अडवणार?

तानासियेने खीळ हातात घेऊन फिरवली. "ही कारखान्याची नाही. कोणी तरी कानशीने घासून बनवली आहे. घाईत. आकडाही नाही."

"तू काढलंस झाकण?" कॅप्टननी सरळच विचारलं.

"नाही."

"स्तामेनासाठी काढलं असतंस?"

लोहार लाल झाला. तो स्तामेनाच्या धाकट्या बहिणीच्या मागे होता एके काळी, आणि ती गेल्यावर त्याने लग्नच केलं नाही. "तिने सांगितलं असतं तर झाकणच काय, चाकंही काढून दिली असती," तो म्हणाला. "पण तिने सांगितलं नाही. का सांगेल?"

"कारण आकडा परका निघाला असता तर तिचा मुलगा कायमचा पळपुटा ठरला असता. आता निदान संशय तरी राहतो."

मला ते पटत होतं म्हणूनच राग आला. स्तामेनाकडे गेलो तर ती अंगणात वाकून कोबीचे गड्डे पिंपात रचत होती. कॅप्टननी विचारल्यावर तिने कमरेवर हात ठेवले.

"मी नाही चोरलं. पण चोरलं ते बरं झालं," ती म्हणाली. "मला भीतीच वाटत होती. रात्रभर डोळा लागला नाही. तुमचा आकडा खोटं बोलला असता तर मी कोणाशी भांडले असते?"

"आणि रादिसाव? त्याला कशाची भीती?"

"त्याला कसली? तो माझं सगळं बघतो. सरपण फोडतो, छप्पर शाकारतो. दुसरा मुलगाच म्हणा. त्याच्या वाटेला जाऊ नका, साहेब."

 परत येताना कॅप्टन चर्चच्या फाटकाशी थांबून म्हणाले, "लोहाराने म्हातारीसाठी काढलं, नाहीतर रादिसावने स्वतःसाठी. आकडा परका असेल ही भीती म्हातारीची. आकडा तोच असेल ही भीती रादिसावची. झाकण नसताना कुणाची भीती खरी ते कसं ठरवू?"

आणि तेव्हा मला सकाळची ती मेणबत्ती आठवली. 

"कॅप्टन," मी म्हटलं, "मिलुन अमेरिकेत आहे ही बातमी आणली कोणी?"

"रादिसावने."

"मग आज त्याने मिलुनची मेणबत्ती मेलेल्यांच्या वाळूत का लावली?"

४

दुपारी सगळे माझ्या स्वयंपाकघरात होते. स्तामेनाला बाहेर ठेवावं असं कॅप्टनच्या मनात होतं, पण ती आपली आपण येऊन चुलीपाशी बसली आणि तिला ऊठ म्हणायचं धाडस कोणाला झालं नाही. रादिसाव दाराला टेकून उभा होता. चाळिशीही न गाठलेला माणूस, पण केस पांढरे.

कॅप्टननी खीळ टेबलावर ठेवली.

"मी सकाळपासून झाकण शोधत होतो," ते म्हणाले, "पण झाकणाची गरजच नाही. मिलुनने झाकण नेलं असतं, तर शत्रूने आपल्या भांडारातून दुसरं अख्खं झाकण आणून बसवलं असतं, त्याच्या कारखान्याच्या खिळीसकट. इथे मात्र कोणीतरी नुसती खीळ कानशीने घासून बनवली. याचा अर्थ हरवली होती ती नुसती खीळ. झाकण तोफेवरच होतं. ते कोणी नेलंच नव्हतं."

नेस्तोरने क्रूसाची खूण केली.

"मग ती पहिली खीळ कोणी काढली?" कॅप्टन म्हणाले. "पळून जाणारा खीळ काढत बसत नाही. कोणीतरी झाकण काढायला लागला होता आणि त्याला ते पुरं करता आलं नाही. रादिसाव, तू म्हणालास मिलुन झाकण घेऊन पळाला. आणि आज तुझा हात त्याची मेणबत्ती खाली लावायला गेला. बाईंनी पाहिलं. माणूस जिभेला सांभाळतो, हाताला किती सांभाळणार?"

रादिसावने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. सुटल्यासारखं काहीतरी होतं आणि तेच मला सोसवेना.

"झाकण घंटेच्या मागे ठेवलंय," तो म्हणाला. "आणून देतो."

"आधी बोल," स्तामेना म्हणाली.

तो तिच्याकडे न बघता बोलला. पावसाने टेकडी भिजलेली होती, घोडे मेले होते, पलीकडचे शिपाई झाडीत दिसायला लागले होते. तोफ उतारावरून घसरली आणि तिचं चाक मिलुनच्या दोन्ही पायांवरून गेलं.

"तो म्हणाला, मला राहू द्या, झाकण काढा आणि नदीत टाका. मी खिळीला हात घातला आणि शेजारी गोळा फुटला. बाकीचे दोघं तिथेच गेले. मी पळालो, मावशी. पुलापाशी अधिकाऱ्याने विचारलं, झाकण कुठे आहे? न काढता आलो म्हटलं असतं तर तिथेच गोळी घातली असती. तोंडातून निघून गेलं, मिलुन घेऊन पळाला म्हणून. मला वाटलं नंतर सांगू. मग कोर्फू बेट आलं, आजार आला, माणसं मरत होती, कोण कोणाचं ऐकतंय. परत आलो तर तू दारात उभी. पहिला प्रश्न तुझा, माझा मिलुन कुठे?"

"आणि तू अमेरिका म्हणालास."

"तुझं तोंड बघवेना."

त्याने अंगरख्याच्या आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. दुसरी खीळ. गंजलेली, पण कारखान्याची, आणि आकडा स्पष्ट होता. कॅप्टननी तो आपल्या कागदावरच्या नळीच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि होकारार्थी मान हलवली.

"गावात यायच्या आधी टेकडीवर गेलो होतो," रादिसाव म्हणाला. "तोफ उभी होती त्या जागेमागच्या खड्ड्यात त्याची हाडं होती. पायांची मोडलेली. पडला होता तिथून सरपटत आला असणार. खीळ त्याच्या कोटाच्या आत होती. खीळ निघाली त्याच्याने, पण निजल्या निजल्या झाकण कसं उचलणार? मी त्याला तिथेच पुरला."

पळपुटा म्हणून ज्याच्या आईच्या ताटाला गाव शिवत नव्हतं, तो मोडक्या पायांनी तोफेपर्यंत गेला होता. मला तानासियेचा हुंदका ऐकू आला. 

"आणि ती तोफ पुढे दोन वर्षं आमच्यावरच चालली," कॅप्टन स्वतःशीच म्हणाले. "आमच्या किती पोरांवर, देव जाणे." मग त्यांनी मान वर केली. "उद्या दगडावर मिलुनचं नाव पहिलं येईल. हे माझं वचन. तुझं काय करायचं ते मला वर कळवावं लागेल, रादिसाव."

स्तामेना उठली. टेबलाला धरून त्याच्यासमोर आली.

"त्याने मला हाक मारली का रे?"

मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा, इतकी वर्षं खोटं बोललास, आता आणखी एकदा बोल. हो म्हण.

"नाही मावशी," रादिसाव म्हणाला. "झाकण, झाकण म्हणून ओरडत होता. पुलापर्यंत ऐकू येत होतं."



"पहिल्या वर्षी सांगितलं असतंस तर मी रडले असते, तुला मारलं असतं आणि मग जेवायला वाढलं असतं," ती म्हणाली. "आता तुझं काय करू मी?"



५

रविवारी सकाळी राजधानीची माणसं उंच टोप्या घालून चर्चच्या अंगणात उभी होती. झाकण बसवलेली तोफ पुसून लख्ख केली होती. तानासियेने रात्रीतून दगडावर नाव कोरलं होतं आणि बोटं फोडून घेतली होती. स्तामेना मात्र म्हणाली, आधी टेकडी, मग तुमची भाषणं.

"बाई, पाहुणे थांबलेत," नेस्तोर म्हणाला.

"मी पण थांबले होते," ती म्हणाली.

वेत्रेनला गाडी अर्ध्यापर्यंतच जाते. पुढे पायवाट, आणि तिचे गुडघे तर ते असे. कॅप्टनचा पाय लंगडा, नेस्तोरला दम लागतो. रादिसाव तिच्यासमोर येऊन पाठ करून खाली बसला. ती हलेना. वारा एवढा होता की तिचा काळा रुमाल दोनदा उडाला. शेवटी तिने त्याच्या गळ्यात हात टाकले, आणि तो तिला पाठीवर घेऊन चढायला लागला.  मला मागून चालताना रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

वर रानटी नाशपातीच्या झाडाखाली एक लांबट उंचवटा होता. क्रूस नव्हता, पण गवत कापलेलं होतं, रादिसाव दरवर्षी कापत असावा. रादिसावने तिला हळूच खाली उतरवलं आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. नेस्तोरने प्रार्थनेसाठी पुस्तक उघडलं. तिने हाताने त्याला थांब म्हणून खुणावलं आणि मागे न वळता विचारलं,

"त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"

 रादिसाव पुढे आला आणि त्याने झाडाच्या बाजूला बोट दाखवलं.

स्तामेना मुलाच्या उशाशी बसली. मातीवरची पानं बाजूला केली, तिथे तळहात ठेवला आणि रोजच्या बोलण्यातल्या आवाजात सांगायला लागली.

"तुझे वडील गेले रे, मिलुन. त्याच हिवाळ्यात गेले. मी वाट बघत होते, तू आलास की सांगेन म्हणून."